२०१ हा आकडा मापांसह छापावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीतील विक्रमांच्या चौकटीत बेसबॉलमधल्या ‘एका हंगामात सर्वाधिक बेसचोरी’ (चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस, म्हणजे मैदानातला पुढचा टप्पा, गाठणे) या नोंदीपुढे रिकी हेंडरसन, १३०, १९८२ असे छापून आले. एका वाचकाने सोफी कुरिसच्या २०१ या आकड्याची आठवण करून दिली. त्यावर पुढच्या अंकात खुलासा आला की तो आकडा ‘लहान मैदानावरच्या महिला सॉफ्टबॉलचा’ असल्यामुळे धरलेला नाही. खुलासा अर्धाच बरोबर आहे. मैदान लहान होते, हे खरे. पण तो सॉफ्टबॉल नव्हता. आणि मैदान किती लहान होते, त्याचा फायदा कोणाला होत होता, हे तपासल्याशिवाय आकडा बाजूला सारणे आम्हाला पटत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

सोफी कुरिसचा जन्म १४ मे १९२५चा, मिशिगन राज्यातील फ्लिंट या मोटारींच्या गावचा. १९४३ मध्ये, अठराव्या वर्षी, ती अमेरिकेतील महिलांच्या पहिल्या मोठ्या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये दाखल झाली. च्युइंगगमचे कारखानदार आणि शिकागो कब्ज संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी ती लीग उभी केली होती. तरुण खेळाडू युद्धावर गेले होते, पुरुषांच्या धाकट्या लीग बंद पडत होत्या आणि मोठी मैदाने ओस पडण्याची भीती होती. पहिल्या वर्षी चार संघ होते : रॉकफर्ड, केनोशा, साउथ बेंड आणि रसीन. खेळाडूंना आठवड्याला साधारण ४५ ते ८५ डॉलर पगार ठरला. कुरिस रसीन बेल्स संघात दुसऱ्या बेसवर खेळे. या रसीनचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही, पण तिथे जन्मलेली एक वस्तू मराठी घरांच्या फळीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. हॉर्लिक्स तिथलेच, आणि बेल्सचे घरचे मैदानही त्याच कुटुंबाच्या नावाचे : हॉर्लिक फील्ड.

आता सॉफ्टबॉलचा मुद्दा. रिग्लींच्या लीगने पहिल्या वर्षी चेंडू सॉफ्टबॉलचाच, १२ इंच घेराचा घेतला आणि पिचिंगही, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणे, खालून हात फिरवून ठेवले. पण तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून बेसबॉलच्या होत्या. मैदानात दहा नव्हे, नऊ खेळाडू. बेसमधले अंतर सॉफ्टबॉलपेक्षा जास्त. आणि तिसरी, या पत्रापुरती सर्वांत महत्त्वाची : धावणाऱ्या खेळाडूला पिच होण्याआधी बेस सोडून लीड घेण्याची मुभा. आपल्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल पाहिलेल्या कोणालाही हा फरक लगेच कळेल. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसवरच हवा, आधी सुटला तर आउट. बेसबॉलमध्ये धावणारी आठ-दहा फूट पुढे सरकून उभी राहते आणि पिचर तिला पकडायला कधीही पहिल्या बेसकडे चेंडू फेकू शकतो. चोरीची सगळी कला या आठ-दहा फुटांत आहे. कुरिस हेच करत होती, म्हणून तिच्या आकड्याला बेसबॉलचाच आकडा म्हणायला हवे.

मग मापे. १९४६ मध्ये, म्हणजे २०१ च्या वर्षी, लीगमध्ये बेसमधले अंतर ७० फूट होते. पुरुषांत ते ९० फूट असते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, तेव्हा ७० फूट म्हणजे एक धाव घेताना कापायच्या अंतराहून थोडे जास्तच. पिचर उभा राहतो तिथून होम प्लेटपर्यंतचे, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंतचे, अंतर त्या वर्षी ४३ फूट होते, पुरुषांत ६० फूट ६ इंच. चेंडूचा घेर ११ इंच, पुरुषांचा ९ ते सव्वानऊ, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढा.

लहान मैदान म्हणजे धावणारीला आयते मिळाले, असा समज इथूनच होतो. पण गणित करून पाहावे. ७० फूट हे ९० च्या ७८ टक्के. फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला होमपासून दुसऱ्या बेसवर तिरका थ्रो करावा लागतो. ते अंतर चौकोनाच्या कर्णाचे, १९४६ मध्ये ९९ फूट, पुरुषांत १२७ फूट ३ इंच. तेही ७८ टक्केच, कारण कर्ण बाजूच्या प्रमाणातच लहान होतो. म्हणजे धावणारीला जेवढे अंतर कमी झाले, तेवढेच कॅचरलाही कमी झाले. पिचचे अंतर मात्र ४३ भागिले साडेसाठ, म्हणजे ७१ टक्क्यांवर आणलेले होते. चेंडू कॅचरच्या हातात पोहोचण्याची वाट तुलनेने अधिक आखूड होती. हे माप धावणारीच्या विरुद्ध जाते, बाजूने नाही.

तिच्या बाजूच्या गोष्टीही होत्या, त्या लपवू नयेत. ११ इंची चेंडू मुठीत मोठा लागतो. कॅचरला तो दोन बोटांत शिवणीवर धरता येत नाही, तीन-चार बोटे पसरावी लागतात. ग्लव्हमधून काढून नीट पकड घ्यायला क्षणभर जास्त जातो आणि फेक बऱ्याचदा उंच जाते. दुसरे असे की १९४६ हे पिचिंगच्या बदलाचे वर्ष होते. १९४५ पर्यंत फक्त खालून, १९४६ मध्ये बाजूने हात टाकायला मर्यादित परवानगी, १९४७ मध्ये पूर्ण परवानगी, १९४८ पासून खांद्यावरून. खालून टाकणाऱ्या पिचरचा हात एकदा चाकासारखा फिरू लागला की मध्येच थांबवून पहिल्या बेसकडे चेंडू टाकता येत नाही. तो क्षण अचूक ओळखणारी धावपटू दोन पावले आधी सुटते. पण ही सोय तर लीगमधल्या प्रत्येकीला होती. २०१ एकीच्याच नावावर लागले.

आणि यशाचे प्रमाण? कुरिसने १९४६ मध्ये २०३ वेळा प्रयत्न केला, २०१ वेळा सेफ, दोनदा आउट. सामने ११३. त्या हंगामात तिने ११७ धावा केल्या आणि ९३ वेळा वॉक मिळवून, म्हणजे पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे, पहिल्या बेसवर पोहोचली. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्या वर्षी तिलाच मिळाला. हेंडरसन १९८२ मध्ये १३० वेळा सेफ होता, ४२ वेळा पकडला गेला. शंभरात पंचाहत्तर-शहात्तर हे पुरुषांच्या बेसबॉलमध्ये उत्तमच म्हणायचे, त्याच्या मोठेपणाला त्याने काहीही बाध येत नाही. पण शंभरात नव्याण्णव ही गोष्ट नुसत्या वेगाने साधत नाही. वेगवान खेळाडू चुकीच्या क्षणी सुटते आणि आउट होते, हे दर हंगामात दिसते.

म्हणून चोरी कशी होते ते थोडे जवळून पाहावे लागेल. उजव्या हाताची पिचर असेल तर धावणारीची नजर तिच्या पायांवर असते, हातावर नसते. डावी टाच आधी उचलली तर पिच होमकडेच जाणार. उजवा पाय आधी हलला, तर ती पहिल्या बेसकडे वळणार आणि धावणारीने परत सूर मारायचा. हा फरक पापणी लवेपर्यंतचा. सुटताना पहिले पाऊल उजवे नाही टाकायचे, डावा पाय उजव्यावरून ओलांडून न्यायचा. कंबर तेवढीच खाली ठेवायची. नवशिक्या मुली इथे आधी ताठ उभ्या होतात आणि मग पळतात. त्यातच पाऊलभर अंतर जाते आणि चोरी फसते.

मग स्लाइड. बेसच्या आठ-दहा फूट आधी बसायचे असते. एक पाय गुडघ्यात दुमडून दुसऱ्याखाली घ्यायचा, अंगाचा भार मांडीच्या बाहेरच्या बाजूवर आणि कुल्ल्यावर, हनुवटी छातीशी, हात वर. हात खाली टेकला की मनगट गेले. फार लवकर बसले तर घर्षणाने बेसच्या आधीच थांबायला होते. उशीर झाला तर बूट सरळ बेसवर आदळतो आणि घोटा मुरगळतो, कधी मोडतोही. चेंडू आधीच आलेला असेल तर अंग बेसच्या बाहेरच्या बाजूला टाकून फक्त पायाच्या अंगठ्याकडच्या टोकाने बेसचा कोपरा पकडायचा, म्हणजे टॅग करणाऱ्या, चेंडू अंगाला लावून बाद करणाऱ्या, हाताला अंग सापडत नाही. बेस तेव्हा १५ इंच चौरस असे. एवढ्याशा चौकोनाचा कोपरा, पूर्ण वेगात, बुटाच्या टोकाने.

हे सगळे कुरिसने उघड्या मांड्यांवर केले. पुरुष खेळाडू जाड विजारीत घसरतात. या लीगचा गणवेश म्हणजे कमरेला पट्टा असलेला एकसंध आखूड झगा, गुडघ्याच्या वर फार तर सहा इंच, आत सॅटिनची चड्डी, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. प्रेक्षकांना खेळाडू ‘बाईसारख्या’ दिसाव्यात हा मालकांचा आग्रह. पहिल्या वर्षी तर सौंदर्यप्रसाधनांच्या हेलेना रुबिनस्टाइन यांच्याकडून चालण्या-बोलण्याचे धडेही दिले गेले. मोजा संपतो आणि चड्डी सुरू होते त्यामधली वीतभर कातडी रोज मातीवर घासली जाई. खो-खोत खुंटाजवळ सूर मारणाऱ्यांची कोपरे-गुडघे सोलवटतात, ते आपल्या ओळखीचे आहे. इथे पूर्ण वेगातले अंग एकाच जागेवर, मांडीच्या बाहेरच्या मांसल भागावर घासते. ताज्या जखमेला खेळाडू ‘स्ट्रॉबेरी’ म्हणत, कारण ती तशीच दिसते : तळहाताएवढी लाल, ओलसर, त्यात वाळूचे कण रुतलेले. आधी वाळू धुऊन काढायची, मग औषध, मग पट्टी. खपली धरायला दोन-चार दिवस मोकळी हवा लागते, पण सामना तर दुसऱ्याच संध्याकाळी. पट्टी निसटते, खपली उखडते, जखमेवर जखम होते. संघाबरोबर राहणाऱ्या पालक-बाईंनी कुरिससाठी मधे भोक असलेली, वड्यासारखी गोल गादी शिवून पाहिली, म्हणजे घसरताना जखम जमिनीला टेकणार नाही. ती इतकी अवजड झाली की तिने काढून ठेवली आणि पुन्हा तशीच घसरू लागली. एका हंगामातल्या दोनशे चोऱ्या म्हणजे काय, याचा अंदाज या गादीवरून यावा. मांडीचे दुखणे तिला म्हातारपणीही सोडत नव्हते.

त्याच १९४६च्या सप्टेंबरमध्ये अंतिम मालिकेचा सहावा सामना हॉर्लिक फील्डवर झाला. समोर रॉकफर्ड पीचेस. बेल्स मालिकेत ३-२ ने पुढे. रॉकफर्डच्या कॅरोलिन मॉरिसने नऊ डावांत एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, दिला नाही. बेल्सची जोॲन विंटर उलट जवळपास प्रत्येक डावात अडचणीत येत होती, १३ हिट दिले, पण धाव एकही नाही. चौदाव्या डावापर्यंत ०-०. कुरिसने हिट मारून पहिला बेस गाठला. दुसरा चोरला. तिसरा चोरायला ती सुटली त्याच पिचवर बेटी ट्रेझाने चेंडू उजव्या बाजूला काढला. कुरिस आधीच धावत असल्यामुळे तिसऱ्या बेसवर थांबायचे कारणच उरले नाही. ती वळसा घेऊन होमकडे आली आणि थ्रोच्या आधी घसरून पोहोचली. १-०, मालिका रसीनची. चोरीचा खरा उपयोग इथे दिसतो. ती चोरी गुणपत्रकात चोरी म्हणून लागत नाही, कारण चेंडू मारला गेला. पण तेव्हा ती पळत नसती, तर तिसऱ्यावरच थांबली असती.

आता हंगामवार आकडे देतो, कारण बहुतेक ठिकाणी एकटा २०१ छापला जातो आणि तो अपवाद वाटतो. १९४३ : ४४. १९४४ : १६६. १९४५ : ११५. १९४६ : २०१. १९४७ : १४२. १९४८ : १७२. १९४९ : १३७. १९५० : १२०. मग रसीनचा संघ गावातून गेला. १९५२ मध्ये ती बॅटल क्रीककडून थोडेच खेळली : १७. बेरीज १,११४. लू ब्रॉकने निवृत्त होताना पुरुषांचा कारकिर्दीचा विक्रम ९३८ वर नेला होता, त्याहून ही बेरीज पावणेदोनशेने जास्त आहे. पुढे हेंडरसन १,४०६ पर्यंत पोहोचला.

या ओळीशेजारी मैदानाची मापे ठेवून वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. लीग दर एक-दोन वर्षांनी मैदान वाढवत होती. १९४३ मध्ये बेस ६५ फुटांवर आणि पिच ४० फुटांवरून. १९४८ मध्ये बेस ७२ फूट, पिच ५० फूट, चेंडू १० पूर्णांक ३/८ इंच. १९५० मध्ये बेस ७२ फूटच, पिच ५५ फूट, चेंडू १० इंच. शेवटच्या, १९५४च्या हंगामात बेस ८५ आणि पिच ६० फूट, म्हणजे जवळपास पुरुषांचेच मैदान. १९५० मध्ये पिचचे अंतर पुरुषांच्या ९१ टक्के आणि बेसचे ८० टक्के झाले होते. अंतराच्या हिशेबाने हे वर्ष धावणारीला सर्वांत सोयीचे. तिच्या चोऱ्या त्या वर्षी १२०. अंतराचे प्रमाण तिच्या विरुद्ध होते त्या १९४६ मध्ये २०१. लहान मैदानाने आकडा फुगवला असता तर ही ओळ अशी दिसली नसती. १९४८ मध्ये खांद्यावरून येणारे पिचिंग, लहान झालेला चेंडू आणि दोन फूट लांब गेलेला बेस, हे सगळे एकदम आले, तरी १७२ चोऱ्या झाल्या.

‘नियम वेगळे, म्हणून आकडा नको’ हा निकष लावायचाच तर तो सर्वांना लावावा लागेल. १८८७ मध्ये ह्यू निकोलच्या नावावर १३८ चोऱ्या आहेत, हेंडरसनपेक्षा जास्त. आपल्या चौकटीत तो नाही, आणि ते योग्यच आहे : १८९८ पर्यंत सहकाऱ्याच्या हिटवर एक बेस जास्त पळाले तरी ती चोरी धरली जाई. उलट २०२३ मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतील पुरुषांच्या सर्वोच्च लीगने, बेस १५ वरून १८ इंचांचा केला, त्यामुळे पहिल्या व दुसऱ्या बेसमधले अंतर साडेचार इंचांनी घटले. शिवाय पिचरने धावणाऱ्याला रोखायला बेसकडे वळण्यावर मर्यादा घातली. लीगमधल्या एकूण चोऱ्या २,४८६ वरून एका वर्षात ३,५०३ झाल्या. रोनाल्ड अकुन्याच्या त्या वर्षीच्या ७३ चोऱ्या मात्र आपण कोणत्याही टिपेशिवाय छापल्या होत्या. साडेचार इंच चालतात, तर वीस फुटांचीही टीप देऊन नोंद करता येते.

एक नाव याच जागी नोंदवणे आवश्यक वाटते. कुरिसच्या लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंना कधी दार उघडले नाही. टोनी स्टोन दुसऱ्या बेसवरचीच खेळाडू. तिने १९५३ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीय पुरुषांच्या व्यावसायिक संघातून, पुरुषांबरोबर, ९० फुटांच्या पूर्ण मैदानावर खेळ केला, पुढच्या वर्षी कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून. ‘महिलांनी मोठ्या मैदानावर खेळलेच नाही’ असे वाक्य आपल्या खुलाशात होते. ते वाक्य मागे घ्यावे.

कुरिसचे १७ फेब्रुवारी २०१३ रोजी ॲरिझोनात निधन झाले. तिच्या लीगची नोंद कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात नोव्हेंबर १९८८ पासून आहे. आपल्या चौकटीत हेंडरसनची नोंद आहे तशीच राहावी, फक्त तिच्यापुढे ‘मेजर लीग, १९०० नंतर’ असे घालावे. आणि खाली ही ओळ छापावी, अशी विनंती :

महिला व्यावसायिक बेसबॉल, अमेरिका : सोफी कुरिस, रसीन बेल्स, १९४६ : ११३ सामने, २०३ प्रयत्न, २०१ चोऱ्या. बेस ७० फूट, पिच ४३ फूट, चेंडू ११ इंच, लीड घेण्यास मुभा.

आपले,
सॉफ्टबॉल व बेसबॉलचे काही पंच आणि गुणलेखक,
पुणे